आवाज मधेच जातो

यंत्र बिघडलं की आमच्याकडचा माणूस एवढंच सांगतो, "बंद पडलंय." विहिरीवरची मोटर असो, मोबाईल असो, नाहीतर कॉम्प्युटर. त्या वेळी काय करत होतात, पडद्यावर काय दिसलं, जळका वास आला का, यातलं काही नाही. बंद पडलंय, या आणि बघा. नारायणगावच्या एसटी स्टँडजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, राहायला मी वारूळवाडीत, आणि या एका वाक्याने माझं निम्मं आयुष्य खाल्लंय.

त्यात मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलेला. बाकीचे दुकानदार चोरीच्या सीडीवरून गिऱ्हाइकाला सगळे प्रोग्राम भरून देत होते, तेव्हा मी लिनक्सच्या नादी लागलो. कॉम्प्युटर चालवणारी ही प्रणाली फुकट होती आणि चोरीची नव्हती. गिऱ्हाईक म्हणायचं, "भरतभाऊ, फुकट मिळतंय म्हणजे कायतरी खोट असणार, राव." खोट होतीच. प्रिंटर चालला तर आवाज यायचा नाही, आवाज आला तर मराठी अक्षरं फुटायची. मी ते बिघाड लिहून इंटरनेटवर पाठवायचो आणि तिकडून कुणीतरी अनोळखी माणूस विचारायचा, कसा घडतो ते पायरीपायरीने लिहा. ते मला फार बरं वाटायचं. 'बंद पडलंय' म्हणून भागत नाही अशी निदान एक जागा जगात होती.

दोन हजार सातच्या दिवाळीनंतर मी सोपानला मशीन दिलं, तिथून ही कटकट सुरू झाली.

सोपानचा कळंबला हायवेच्या कडेला पिवळा एसटीडी बूथ होता. लहानपणी गोवरात त्याचे डोळे गेले. अपंगांच्या कोट्यातून बूथ मिळाला आणि त्या बूथवर त्याने लग्न केलं, घर बांधलं, मुलीला दहावीपर्यंत आणलं. बूथमध्ये शिरलेला माणूस तोंड उघडायच्या आत हा त्याला नावाने हाक मारायचा. चपलेवरून, खोकल्यावरून, दार कसं ओढलं त्यावरून. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला. मेंढ्यांमागे हिंडणारी माणसंसुद्धा चालता चालता बोलायला लागली आणि सोपान दिवसभर न वाजणाऱ्या फोनशेजारी बसून राहायला लागला.

पुण्याच्या एका बँकेत टेलिफोन ऑपरेटरच्या जागा निघणार होत्या, अंधांसाठी राखीव. फेब्रुवारीत परीक्षा, आणि तिथे कॉम्प्युटरवर पत्र टाईप करून दाखवायचं होतं. सोपान चाळिशीला आलेला. ही नोकरी हुकली तर तो घरी बसणार होता. घरी बसलेला माणूस परत उठत नाही, हे मी आमच्या भागात पुष्कळ पाहिलंय आणि मला त्याचीच भीती वाटत होती.

लिनक्समध्ये एक बोलणारा प्रोग्राम होता. पडद्यावर असेल ते वाचून दाखवायचा, दाबलेलं प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणायचा. मी जुने भाग जुळवून एक मशीन उभं केलं आणि मांडीवर घेऊन एसटीने कळंबला नेलं. सोपानचं घर म्हणजे पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर. खिडकीशी टेबल, त्यावर मशीन. समोरच्या भिंतीला लोखंडी कपाट, आणि कपाटाला पाठ टेकून त्याची मुलगी समृद्धी अभ्यासाला बसलेली. स्पीकर टेबलावर मावेनात म्हणून मी ते कपाटावर ठेवले आणि त्यांचा प्लग कपाटामागच्या बोर्डात लावला. ही माझी हुशारी.

मी सोबत हेडफोनही नेले होते. सोपानने ते चाचपले, कानांवर चढवले आणि लगेच काढून माझ्या हातात दिले.

"नको, भरतभाऊ. कान झाकलं की मी माझ्याच घरात आंधळा व्हतो."

मी हेडफोन पिशवीत टाकले. मशीन सुरू केलं आणि ते बोलायला लागल्यावर सोपान असा हसला, की मला परत जाताना एसटीत उभं राहावं लागलं त्याचंही काही वाटलं नाही.

आठवडाभरात फोन आला. "भरतभाऊ, बंद पडलंय."

"काय बंद पडलंय? नीट सांगा," मी खेकसलो. "तुमी तरी असं बोलू नका, सोपानराव."

"आवाज. मधेच जातो. मशीन चालू हाय, आतला पंखा फिरतोय. पण बोलत न्हाई. थोड्या वेळानं आपोआप बोलायला लागतं."

आपोआप जाणारा आणि आपोआप येणारा बिघाड म्हणजे आमच्या धंद्यातली साडेसाती. मी कळंबला गेलो. त्या दिवसांत भारनियमन असं होतं, की दुपार पार टळली की कुठे वीज यायची. त्यामुळे निघायच्या आधी फोन करून विचारायचो, आज वीज किती वाजता, आणि मग येतोय म्हणून सांगायचो. गेलो. मशीन ठणठणीत. 'ए, एस, डी, एफ' म्हणत राहिलं. सोपानची बायको शीलावहिनी, त्यांनी चहा दिला, मग पोहे, मग जेवूनच जा म्हणाल्या. मी जेवण होईपर्यंत बसलो, आवाज एकदाही गेला नाही. दवाखान्याच्या पायरीवर खोकला थांबतो तसलाच प्रकार. मी घरी पोचलो आणि दुसऱ्या दिवशी फोन, "काल तुमी गेल्यावर परत गेला."

असं तीनचारदा झाल्यावर मी रीतसर बिघाड नोंदवला. मथळा दिला: आवाज मधेच जातो, आपोआप परत येतो. माझं इंग्रजी कामचलाऊ, पण लिहिताना मी हयगय करत नाही. मशीनची सगळी कुंडली दिली. उत्तर आलं लुकास नावाच्या माणसाकडून. तो कुठल्यातरी थंड देशातला, त्या बोलणाऱ्या प्रोग्रामवर फावल्या वेळात काम करणारा. अतिशय सभ्य. त्याने विचारलं, हे घडवून कसं दाखवता येईल?

मी लिहिलं, मी तिथे नसलो की घडतं. लिहिताना माझी मलाच लाज वाटली.

लुकास हसला असेल तर त्याने ते दाखवलं नाही. त्याचं म्हणणं पडलं, की एकाच साउंड कार्डवर दोन प्रोग्राम हक्क सांगत असतील, एकाने धरलं की दुसरा गप्प होतो. त्या काळात लिनक्समध्ये हे नेहमीचंच होतं. मी कळंबला जाऊन दुसरा प्रोग्राम काढून टाकला. आवाज जायचा तो गेलाच. लुकासने नवीन आवृत्ती टाकायला सांगितली. माझ्या दुकानातलं इंटरनेट टेलिफोनच्या तारेवर चालायचं, तेही वीज असेल तेव्हा. ती आवृत्ती उतरवून घेण्यात माझे दोन दिवस गेले. ती टाकून झाली. मग जुनी टाकून बघा म्हणाला, तीही टाकून झाली. डिसेंबर संपला, जानेवारी लागला, दुकानातलं गिऱ्हाईक बंद शटर बघून परत जायला लागलं. घरी विचारायचे, कळंबला काय सासरवाडी काढलीये का? मी थकलो होतो. खरं सांगायचं तर मशीन उचलून परत आणावं असंही मनात यायचं, पण परीक्षा महिन्यावर आली होती आणि सोपानची बोटं आत्ता कुठे वळायला लागली होती.

आवाज कधी गेला, कधी आला, ते फोनवर समृद्धी सांगायची. "काका, आज दिवेलागणीला गेला, जेवायच्या आधी आला." पोरगी इतकं नेमकं सांगायची, की मला वाटलं हिला पुढे याच धंद्यात घालावी.

मशीन स्वतःची दैनंदिनी ठेवतं, कुठल्या वेळी काय केलं त्याची. ती मी पेन ड्राइव्हवर आणून लुकासला पाठवली. त्याचं उत्तर आलं, "तुम्ही सांगता त्या सगळ्या वेळी मशीन बोलत होतं. एकही शब्द चुकलेला नाही. रागावू नका, पण स्पीकर चालू असतो ना?"

मी रागावलो. मंचर-नारायणगाव पट्ट्यात वीस वर्षं मेकॅनिकी केलेला मी, आणि हा मला स्पीकर चालू आहे का विचारतो! तरी कर्तव्य म्हणून सोपानला फोन लावला. तो जरा थांबला, मग म्हणाला, "चालू असतो की. मी हात लावून बघितला." मी लुकासला कळवलं, स्पीकर चालू असतो.

जानेवारीच्या शेवटी मी कळंबला दुसऱ्याच कामाला गेलो होतो. तिथल्या एका छापखान्यातलं मशीन लग्नपत्रिका छापता छापता अडलं होतं. ते काम लवकर उरकलं आणि दिवेलागणीला मी फोन न करताच सोपानकडे वळलो. बाहेर हायवेवर उसाचा ट्रॅक्टर टेप मोठ्याने लावून चालला होता. दार उघडंच होतं. मी उंबऱ्याशी चपला काढत होतो.

सोपान दाराकडे पाठ करून टाईप करत होता आणि मशीन त्याचं अक्षर नि अक्षर म्हणत होतं. समृद्धी कपाटाला टेकून बसली होती, मांडीवर बीजगणिताचं पुस्तक आणि दोन्ही कानांत बोटं. शीलावहिनी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या, कपाटामागे हात घातला आणि स्पीकरचं बटण बंद केलं. मशीन गप्प झालं. समृद्धीने कानातली बोटं काढली आणि पेन उचललं. कुणीच कुणाकडे बघितलं नाही. रोज पाणी भरावं तसं ते चाललं होतं.

"गेला परत," सोपान म्हणाला.

"जातंय बाई सारखं," वहिनी म्हणाल्या, आणि वळल्या तर समोर मी. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

ट्रॅक्टर लांब गेला होता. "उंबऱ्यात कोण हाय?" सोपानने विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "भरतभाऊ, या की आत."

वहिनी पटकन म्हणाल्या, "भाऊ, आधी जरा मागं येता का? नळाची तोटी गळतीय." मी त्यांच्यामागे परसात गेलो. तोटी चांगली होती.

"तुमाला लई त्रास दिला," त्या म्हणाल्या. "पण काय करू? खोली एक. लाईट येतीय संध्याकाळची. तेवढ्यातच ह्यांला टाईप करायचंय अन् तेवढ्यातच पोरीला वाचायचंय. मार्चात दहावीचा पेपर. ती गणित करती अन् मशीन डोक्यावर ए बी सी डी म्हणतंय. पोरगी म्हणती, आई, मला काय त्रास न्हाई. अन् कानात बोटं घालून वाचती. पान उलटायचं कसं तिनं?"

"मग सोपानरावांना सांगायचं, वहिनी."

"सांगितलं की ते हातच लावायचे न्हाईत मशीनला. पोरीचं नाव काढायचा अवकाश. मग परीक्षा कशाच्या जिवावर द्यायची त्यांनी?" त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "आमच्या माहेराला विहीर एक अन् चुलते तीन. पाळी लावल्याबिगर कुणाचंच रान भिजत न्हाई. तशी लावली पाळी. थोडा वेळ ह्यांचा, थोडा वेळ पोरीचा. तुमी येणार म्हणून फोन आला की मी बटण चालूच ठेवते."

मला आधी राग आला. इतक्या चकरा, इतकी जागरणं, तिकडे तो बिचारा लुकास स्वतःच्या प्रोग्रामच्या ओळीन्‌ओळी उसवत बसलेला, आणि इथे वहिनी बटण दाबतायत! पण त्या बाईच्या तोंडाकडे बघून मला तो राग नीट करताही येईना. त्यांनी नवऱ्याला फसवलं होतं ते त्याची परीक्षा वाचवायला, आणि मुलीच्या अभ्यासाला घड्याळ लावलं होतं तेही जपून, कुणाचा घास मोठा होणार नाही असं.

"कुणाला सांगू नका, भाऊ."

"नाही सांगत," मी म्हणालो. आत आलो, मशीनपाशी बसून उगाच दोन बटणं दाबली आणि बघतो म्हणालो.

सोपान मला सोडायला फाट्यापर्यंत आला. तो रस्ता त्याच्या पायांना पाठ. बंद पडलेल्या बूथपाशी तो थांबला.

"तोटी गळत न्हाई आमची," तो म्हणाला.

मी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"भरतभाऊ, शीला बटणाकडं जाती तेव्हा आधी बांगड्या वाजतात. मग कपाटाचा पत्रा हलतो. मग बटण. मग पोरीचं पेन चालायला लागतं. मला काय ऐकू येत न्हाई व्हय?"

"कधीपासून कळलंय?"

"तुमाला पहिला फोन केला त्याच्या दुसऱ्याच दिवशी. पहिला फोन खरा व्हता. आवाज खरंच बिघडला असं वाटलं व्हतं."

"मग सोपानराव, मला कशाला पळवलं एवढं?" माझा आवाज चढला. "स्पीकर चालू हाय म्हणून खोटं सांगितलं तुमी. तिकडं परदेशात एक माणूस झोप मोडून शोधतोय!"

"चुकलं माझं," तो म्हणाला. "पण मी गप बसलो असतो तर शीलाच्या ध्यानात आलं असतं, की ह्यांला कळलंय. मग ती बटण दाबायची थांबली असती अन् पोरीचं नुकसान झालं असतं. मी बोललो असतो तर पोरगी म्हणली असती, बाबा, तुमचंच चालू द्या. मशीन बिघडलंय म्हणलं की घरात दोष कुणाचाच राहत न्हाई. मशीनचा राहतो. त्याला काय, ते कुठं रडतंय?"

एसटी येताना दिसली. त्याने माझा हात धरला. "पेपर हुईस्तवर ती तक्रार तशीच चालू ठेवा. अन् शीलाला कळू देऊ नका."

म्हणजे नवऱ्याचं गुपित माझ्याकडे, बायकोचं गुपित माझ्याकडे, आणि दोघांचं गुपित एकच. एसटीत जागा मिळाली होती, पण मला नारायणगाव कधी आलं कळलं नाही.

घर फसवत असेल तर फसवू दे, पण बिघाडाच्या नोंदीत खोटं लिहायला माझं मन घेईना. तेवढी एक जागा मी स्वच्छ ठेवली होती. मी लुकासला वेगळं पत्र लिहून सगळं सांगितलं. खोली एक, बटण, बांगड्या, पेन. तुझा वेळ वाया घालवला त्याबद्दल माफी मागितली आणि लिहिलं, की दोष तुझ्या प्रोग्रामचा नाही, तरी मार्च संपेपर्यंत ही तक्रार उघडी ठेवता येईल का?

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. दोनच ओळी. "उघडी ठेवतो. मीही याच प्रोग्रामवर ऐकून काम करतो, आणि आमच्याकडेही भिंती पातळ आहेत." तोही पाहू शकत नव्हता, हे मला तेव्हा कळलं. दुकानात कुणी नव्हतं. मी शटर अर्धं ओढलं आणि त्या दोन ओळी परत वाचल्या.

फेब्रुवारीत सोपानला घेऊन मीच पुण्याला गेलो. परीक्षेच्या खोलीत मला जाऊ दिलं नाही. बाकावर बसून राहिलो. तो बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावरूनच समजलं. एसटीने चाकण सोडलं.

"बोटं तयार व्हती, भरतभाऊ," तो मग म्हणाला. "घरात जेवढं मिळालं तेवढं पुरलं असतं. पण तिथं सगळ्यांच्या कानावर तो डबा चढवला. एका खोलीत इतकी मशीनं, दुसरं करणार तरी काय ते? माझ्या कानावर चढवला अन् सगळी खोलीच गेली, राव. पुढं कोण, मागं कोण, भिंत कुठं, काय कळंना. बोटं गारठली. एक ओळसुद्धा धड झाली न्हाई."

मला माझीच चीड आली. पहिल्या दिवशी हेडफोन पिशवीत टाकले ते टाकलेच. परीक्षेच्या खोलीत स्पीकर कसे वाजवतील, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. दोन महिने नसलेला बिघाड शोधत बसलो आणि असलेला पिशवीत घेऊन हिंडलो.

"घरी काय सांगणार?" मी विचारलं.

"जमलं न्हाई म्हणून सांगीन. जास्त सांगाय गेलो तर सगळंच सांगावं लागंल."

त्याने तेवढंच सांगितलं. संध्याकाळची पाळी पुढेही चालू राहिली. आता सोपानची परीक्षा उरली नव्हती, तरी तो रोज टाईप करायला बसायचा, कारण तो बसला नसता तर शीलावहिनींना दाबायला बटण राहिलं नसतं आणि समृद्धीला कळलं असतं, की बाबांनी सोडून दिलं. माझ्या जिवाला ते फार लागलं. फोनवर तो म्हणायचा, "गेला आज पण," आणि मी म्हणायचो, "बरं, नोंद करतो."

मार्चमध्ये समृद्धीचा शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी फोन आला.

"भरतभाऊ, आज गेला न्हाई. लाईट आल्यापास्नं बोलतंय." त्याच्या आवाजात आनंद नव्हता, दमलेपण होतं. "करा ती तक्रार बंद."

"करतो."

"अन् तो कानावरचा डबा, टाकून दिला का ठेवलाय? पुढच्या वर्षी अजून एकदा बसता येतंय म्हणं. वयात बसतोय मी."

दुसऱ्या दिवशी लुकासला लिहिलं, आता घडत नाही, बंद करावी. आणि हेडफोन घेऊन कळंबला गेलो. या वेळी फोन करून.

सोपान टेबलाशी बसला होता. समृद्धी मैत्रिणीकडे गेलेली. मी हेडफोनची पिन मशीनला लावली, स्पीकर गप्प झाले. सोपानने हेडफोन हातात घेतले, पोहायला न येणारा माणूस विहिरीच्या काठावर थांबतो तसा जरा थांबला, आणि कानांवर चढवले. त्याचे खांदे आखडले. एक हात टेबलाची कड घट्ट धरून राहिला, दुसऱ्या हाताचं एक एक बोट अक्षर शोधायला लागलं. खोलीत फक्त कळांची टकटक.

शीलावहिनी चहा घेऊन आल्या. माझ्यापुढे कप ठेवला आणि उभ्याच राहिल्या. सोपानकडे बघितलं. मग मुद्दाम हात हलवून बांगड्या वाजवल्या, एकदा, दोनदा. सोपानची मान वळली नाही.

"ऐकू येत न्हाई त्यांला आता?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्या माझ्याजवळ खाली बसल्या. इतक्या वर्षांत नवऱ्यासमोर त्याच्या नकळत काही बोलायची ही त्यांची पहिली वेळ असावी, कारण शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. "भाऊ, खरं सांगा. माझ्या बटणामुळं गेली का ओ त्यांची परीक्षा?"

"नाही, वहिनी. शपथेवर सांगतो. तिथं हेडफोन घालायला लावले, त्यानं गेली. टाईप त्यांना येत होतं."

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पदराने टिपले. मग म्हणाल्या, "अन् त्यांला ठावं व्हतं का? बटणाचं?"

मी चहा प्यायलो. आयुष्यभर लोकांना ओरडत आलो, की बिघाड नीट सांगा, पुरता सांगा, काही लपवू नका.

"मशीनच बिघडलं होतं, वहिनी," मी म्हणालो. "तसं लिहून तक्रार बंद केली आजच."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. त्यांना पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्या उठल्या, सोपानच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो केवढ्याने तरी दचकला. त्याने घाईने एक कान उघडा केला.

"कोण? कोण आलंय?"

"कुणी न्हाई," त्या म्हणाल्या. "मीच हाय."